सहलीला जायचं, पण डबे कोणी भरायचे?

पेणहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

"घरात आम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण घरात बसून बसून त्या कंटाळल्या आहेत. नाताळच्या सुटीत डोंबिवलीहून दीर-जाऊ आणि त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा येणार आहेत. सगळ्यांनी मिळून एक दिवस रानात जावं असं फार मनात आहे. कर्नाळा की फणसाड, ते ठरत नाही. हे म्हणतात, रिसॉर्ट बरं, पैसे भरले की डोक्याला ताप नाही. पुतण्याला किल्ला चढायचाय. भाऊजींना जंगलात पोपटी लावायची आहे, म्हणजे जाळावर मडक्यात शेंगा भाजायच्या आहेत. मागच्या वर्षी असेच गेलो होतो. पहाटे चारला उठून मी आठ माणसांचं जेवण केलं, तिथे पोचल्यावर वाढलं, डबे आवरले. माकडाने पुऱ्यांची पिशवी पळवली ती वेगळीच. येताना मुलं म्हणाली, काहीच दिसलं नाही. मी तर एक झाडसुद्धा नीट बघितलं नाही. यंदा जावं की नको? जायचं तर कसं, म्हणजे सगळ्यांचा दिवस चांगला जाईल आणि माझाही?"

ताई, जरूर जा. कर्नाळ्यालाच जा, फणसाड पुढच्या खेपेला. मात्र दोन गोष्टी बदला. नाताळची गर्दी टाळून जानेवारीअखेरचा एखादा शनिवार धरा. डोंबिवली काही लांब नाही, तुमची माणसं शुक्रवारी रात्री येऊन रविवारी परत जाऊ शकतात. आणि जेवण घरून करून नेऊ नका. ही दुसरी गोष्ट घरात सांगायला जड जाईल, हे मला कळतं. तिच्याकडे शेवटी येते, कारण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं तेच आहे.

आधी जागेचं बोलू. कर्नाळा तुमच्यापासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. दुखरे गुडघे आणि सहा वर्षांचं पोर बरोबर असताना याचं मोल फार आहे. सासूबाई थकल्या किंवा पोराचं पोट बिघडलं, तर दिवस वाया न घालवता कोणीतरी त्यांना घेऊन घरी परतू शकतं. 1968 साली जाहीर झालेलं हे पक्षी अभयारण्य आकाराने लहान आहे, साधारण बारा चौरस किलोमीटर, पण किनाऱ्याच्या सखल पट्ट्यातून एकदम वर आलेला डोंगर आणि त्यावरचं पानगळीचं दाट रान यामुळे पक्ष्यांची तिथे चंगळ असते. आत हरियाल आणि मोरटाका अशा दोन वाटा आहेत. प्रवेशद्वारावरच्या वनकर्मचाऱ्यांना सरळ विचारा, "आजी आणि लहान मूल बरोबर आहे, आज कुठली वाट बरी?" रोज त्या वाटेने चालणारा माणूस जे सांगेल ते कुठल्याही नकाशात नसतं. रस्ता कुठे उखडलाय, माकडं आज कुठे बसलीत, पाणी कुठल्या ओढ्यात उरलंय, हे त्यालाच ठाऊक.

फणसाड मला स्वतःला अधिक आवडतं, तरी या घोळक्यासाठी मी ते सुचवणार नाही. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं राखीव रान, 1986 साली अभयारण्य झालं. तिथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात, आणि खरा आनंद एखाद्या गाणीजवळ तास-दोन तास तोंडातून शब्द न काढता बसण्यात आहे. सहा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करणं अन्याय होईल. मुलीला कर्नाळ्यात गोडी लागली, तर पुढच्या वर्षी तिला आणि तिच्या बाबांना दोघांनाच फणसाडला पाठवा. तिथे शेकरू, म्हणजे मोठी खार, बघायचा तर सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, कारण भर दुपारी तो फांदीवर पसरून झोपलेला असतो.

जानेवारीअखेर का म्हणते, त्याला कारण आहे. तेव्हा काटेसावर फुलायला लागते. पानं गळून गेलेली, काळपट काटेरी फांद्या, आणि त्यावर तळव्याएवढी लाल फुलं. पाच जाड पाकळ्या, आत पुंकेसरांचे झुबके आणि तळाशी मध. सकाळच्या उन्हात अशा झाडाखाली, थोडं दूर, मान वर करून बसलात की पक्षी शोधत हिंडावं लागत नाही, तेच येतात. बुलबुल येतात, साळुंक्या येतात, कोतवाल येतो, सूर्यपक्षी येतो. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना त्यांच्या कपाळाला परागाची पूड लागलेली दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. खाली पडलेलं एखादं फूल मुलांच्या हातात द्या, पाकळ्या मोजू द्या, वास घेऊ द्या, आणि मग तिथेच ठेवून द्या. अभयारण्यातून फूल, पान, पीस काहीच घरी आणायचं नाही, हे मुलांना आधीच सांगितलं तर तिथे हट्ट होत नाही. फेब्रुवारीत गेलात तर पांगारा आणि पळसही फुललेले असतील.

मुलं म्हणाली "काहीच दिसलं नाही", ते खरं असणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आठ माणसं एका रांगेत, बोलत, हाका मारत, पिशव्या खुळखुळवत चालली तर पुढचं सगळं रान अर्धा किलोमीटर आधीच सावध होतं. शिवाय मुलांनी टीव्हीवर वाघ-सिंह पाहिलेले असतात. कर्नाळ्यात ते नाहीत, हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी मुलांना सांगा की आपण पक्षी ऐकायला आणि झाडं बघायला चाललो आहोत. ऐकायला, हा शब्द मुद्दाम वापरा. रानात कान आधी पोचतात. भृंगराज नावाचा काळा पक्षी तिथे आहे, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे गोंडे. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. तुमच्या मुलीला एवढं एकच माहीत असलं, तरी प्रत्येक आवाजाला ती थांबेल आणि विचारेल, हा खरा की भृंगराजाने काढलेला?

तुमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट तिला सांगण्यासारखी आहे. 1930 साली डॉ. सालिम अली हातची नोकरी गेल्यावर अलिबागजवळ किहीमला राहायला आले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. मोठ्या मोहिमा बाजूला, हा माणूस त्या घरट्यांसमोर रोज बसून राहिला. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते आतून-बाहेरून तपासते, पसंत पडलं तरच तिथे राहते. मग नर ते पुरं करतो आणि दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे बसल्या जागी टिपलं. पक्षीशास्त्रात त्यांचं नाव होण्यात त्या किहीमच्या कामाचा मोठा वाटा आहे. अकरा वर्षांच्या मुलीला हे कळतं, आणि एका जागी बसणं म्हणजे शिक्षा नव्हे, हेही पटतं.

मुलांसाठी एक खेळही सुचवते. महाराष्ट्राची मानचिन्हं शोधायची. राज्यवृक्ष आंबा, तो वाटेवर कुठेही भेटेल. राज्यपक्षी हरियाल, हिरव्या-पिवळ्या रंगाचं कबूतर, वड-पिंपळाला फळं धरलेली असतील तर तिथे थव्याने बसतं आणि पानांत इतकं मिसळून जातं की एक हललं की मगच बाकीची दिसतात. राज्यफूल ताम्हण, जानेवारीत फुलं नसतात, पण झाड ओळखून ठेवता येईल. राज्य फुलपाखरू निळवंत, मोठं काळं, पंखांवर निळी झाक. राज्यप्राणी शेकरू मात्र फणसाडसाठी राखून ठेवा. आणि 2020 साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. ती रानात मिळणार नाही, ती खाडीकाठची. पेणला खाडी काही लांब नाही. एखाद्या संध्याकाळी ओहोटीला मुलांना घेऊन जा आणि तळाशी चांदणीसारखी बैठक असलेलं तिचं हिरवं फळ दाखवा. सगळं एकाच दिवशी सापडायला हवं असं नाही. उरलेलं पुढच्या वेळेला, हे मुलांना चालतं. मोठ्यांनाच घाई असते.

आता सासूबाई. तुम्ही त्यांचा उल्लेख गुडघ्यांमुळे केलात, पण मला वाटतं या सहलीत सगळ्यात जास्त कामाचं माणूस त्याच आहेत. आपल्याकडच्या त्यांच्या वयाच्या बायकांनी रानात लाकूडफाटा आणलेला असतो, कुड्याच्या शेंगांची भाजी केलेली असते, हिरडा वाळवलेला असतो. त्यांना झाडं नावानिशी ठाऊक असतात. ऐन, कुंभा, उंबर, कोशिंब. पुस्तकात चित्र बघून ओळखणं आणि "याची साल आम्ही अमुक दुखण्याला लावायचो" असं ऐकणं, यात फार अंतर आहे. त्यांना वर चढवू नका. प्रवेशद्वारापासून थोडं आत, सपाट जागी, सावलीत घडीची खुर्ची टाका आणि नातवाला त्यांच्याजवळ सोपवा. त्याला सांगा, आजीला दिसतील तेवढ्या झाडांची नावं विचारायची आणि वहीत पानं काढायची. दोघांचा वेग सारखाच असतो. जमिनीवर बसायला लावू नका; उठताना गुडघ्यांना त्रास होतो आणि मग त्या दिवसभर गप्प राहतात. काठी आणि पाणी हाताशी, औषधांची वेळ तुमच्या लक्षात. आणि आत शिरण्याआधी सगळ्यांनी, विशेषतः त्यांनी आणि मुलांनी, स्वच्छतागृहात जाऊन यायचं. वर वाटेवर ती सोय नसते आणि बायका त्यासाठी पाणीच पीत नाहीत. तसं करू नका. तुम्हीही.

सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं, हा हट्ट सोडा एवढंच माझं म्हणणं आहे. आपल्याकडे सहल म्हटली की सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने सगळ्यांनी चालायचं, नाहीतर सगळ्यात हळू चालणाऱ्याला दमवायचं. दोन्ही चुकीचं. तीन गट करा. आजी आणि नातू खाली, त्यांच्याबरोबर आळीपाळीने तुम्ही किंवा जाऊबाई. तुमच्यातली दुसरी आणि मुलगी छोट्या वाटेवर. पुतण्या आणि दोघे भाऊ किल्ल्याला. साडेअकराला सगळे प्रवेशद्वाराजवळ, असं घड्याळ लावून ठरवा. रानात मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

पुतण्याचं किल्ल्याचं वेड चांगलं आहे, ते मोडू नका. वाट खड्या चढाची आहे, घाम निघतो, पण पंधरा वर्षांच्या मुलाला तेच हवं असतं. वर अंगठ्यासारखा सुळका उभा आहे, त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठारं आहेत. तिथवर जाऊन परत यायचं. सुळका चढणं हे दोर लावून चढणाऱ्या शिकलेल्या गिर्यारोहकांचं काम. आणि त्या कड्याला आग्या मोहोळ असतात, हे तिघांनाही बजावून सांगा. अत्तर-सेंट मारून जायचं नाही, वर सिगारेट ओढायची नाही, धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही, प्रतिध्वनीसाठी ओरडायचं नाही. माश्या उठल्या की पळायला तिथे जागा नसते. डोंबिवलीहून पनवेलमार्गे येताना महामार्गावर शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. पुतण्याला हे आधी सांगितलंत तर तो नुसती सेल्फी काढायला वर जाणार नाही.

त्याच्या हातातला मोबाइल काढून घेऊ नका. त्याला काम द्या. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे, पक्षी ओळखायला मदत करतं. भारतातल्या पक्ष्यांची माहिती घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्यायची. एकच अट घाला: पक्ष्याचा आवाज मोबाइलवर मोठ्याने वाजवून त्याला जवळ बोलवायचं नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून पक्षी बिथरतो, खाणंपिणं सोडून त्याला शोधत बसतो. दुर्बीण मिळाली तर कोणाची तरी मागून घ्या; 8×40 किंवा 8×42 असं लिहिलेली मुलांच्याही हातात स्थिर राहते. त्याहून जास्त मोठं दाखवणारी नको, चित्र थरथरतं.

भाऊजींच्या पोपटीवर मी ठाम नाही म्हणते. अभयारण्यात आग लावणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी जानेवारीत खाली वाळलेल्या पानांचा थर पडलेला असतो. एक ठिणगी पुरते. पण पोपटीची हौस मोडायचीही गरज नाही. ती संध्याकाळी तुमच्या पेणच्या वाडीत लावा. हंगाम तोच आहे, वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला दाबून तोंड बंद. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं करून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या, आणि अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं, चर्र झालं की झाली. ज्याला पोपटी लावायची हौस, त्यानेच पाला आणायचा, मडकं भरायचं, जाळ सांभाळायचा आणि राख गार झाल्यावर जागा झाडायची. भाऊजी हे आनंदाने करतील. पोपटी हे आपल्याकडे पुरुषांनी हौसेने करायचं काम आहे, तेवढा एक रिवाज तुमच्या बाजूचा आहे, तो वापरा.

सकाळच्या खाण्याला दडपे पोहे न्या. पेणला पोह्यांची काय कमी. पातळ पोहे, चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि घरून करून नेलेली फोडणी, सगळं वेगवेगळ्या स्टीलच्या डब्यांत. खवलेलं खोबरं मात्र बर्फाच्या डब्यात, नाहीतर उन्हात आंबतं. घरून निघताना कालवू नका. पोचल्यावर गेटबाहेर, गाडीपाशीच नारळपाणी शिंपडून दडपून ठेवा आणि आत शिरण्याआधी खाऊन घ्या. हे काम जाऊबाई आणि मुलगी मिळून करू शकतात. आत फक्त पाणी आणि थोडी केळी-चिक्की, तीही बंद पाठपिशवीत. प्लास्टिक मुळातच नेऊ नका. मागच्या वर्षी माकडाने पिशवी नेली, कारण कुरकुरणारी पिशवी म्हणजे खाणं, हे आपणच पर्यटकांनी त्यांना शिकवलं आहे. एकाने गंमत म्हणून वेफर्स फेकला की पुढच्या दहा कुटुंबांवर माकडं धावून येतात, आणि मग त्यांनाच उपद्रवी म्हणायचं. मुलांना सांगा, माकड समोर आलं तर दात दाखवून हसायचं नाही, डोळ्याला डोळा लावायचा नाही, हातात काही असेल तर लपवत बसायचं नाही. हळूच मागे यायचं.

बाकीची काळजी थोडक्यात सांगते. पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे कपडे, बंद बूट, चपला नकोत. दगडाखाली, ढोलीत, पालापाचोळ्यात हात घालायचा नाही. कोकणात फुरसं आणि घोणस कुठेही असू शकतं. कोणाला साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. माणसाला झोपवून, चावलेला हात किंवा पाय न हलवता 108 ला फोन, आणि जवळच्या पनवेल किंवा पेणच्या सरकारी रुग्णालयात थेट. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही. दुसरं म्हणजे खाजकुयली. याच दिवसांत तिच्या मखमली तपकिरी शेंगा वेलीवर लोंबत असतात आणि मुलं हमखास हात लावतात. लागलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढून कुसं काढायची आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. वाटेच्या मधून चाललात तर तिचा आणि गोचिडीचा दोन्हींचा त्रास टळतो. निघायच्या आदल्या दिवशी वनखात्याच्या कार्यालयात फोन करून वेळ आणि साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या.

आता तुमच्या यजमानांचं. ते रिसॉर्ट म्हणतात, यात आळस किंवा पैशाचा माज मला दिसत नाही. तिथे गेल्यावर बायकोला राबावं लागणार नाही, एवढं त्यांनाही मनातून कळत असावं. फक्त त्यावर त्यांना सुचलेला एकच उपाय पैसे भरणं हा आहे. तुम्ही त्यांच्यासमोर रिसॉर्ट विरुद्ध जंगल असा वाद मांडू नका. म्हणा, "तुम्ही म्हणता तसं डोक्याला ताप नको, ते मला पटतं. मग जंगलात जाऊ आणि जेवण बाहेर घेऊ. रिसॉर्टच्या निम्म्याहून कमी पैशांत होईल." साडेअकराला सगळे जमलात की बारापर्यंत बाहेर पडा. महामार्गावर पनवेल-पेणच्या बाजूला घरगुती जेवण देणाऱ्या खानावळी आहेत, आठ ताटांचं आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवलं की गरम भाकरी आणि माशाचं कालवण मिळतं. दोनपर्यंत घरी, सासूबाई आडव्या, मुलं झोपलेली, आणि तुम्हालाही पाठ टेकायला दोन तास. संध्याकाळी पोपटी.

सासूबाईंकडून एक वाक्य येईल, त्याची तयारी ठेवा: "आमच्या वेळी बाहेरचं विकत खायची पद्धत नव्हती." वाद घालू नका, खर्चाचा हिशेबही देऊ नका. एवढंच म्हणा, "आई, मागच्या वर्षी मी दिवसभर डब्यांपाशीच होते. या वर्षी तुमच्याशेजारी बसून झाडं बघायची आहेत." हे खरं आहे, आणि खऱ्या गोष्टीला सासूसुद्धा सहसा आडवी येत नाही. आली, तर यजमानांनी बोलायचं. ते तुम्ही त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या. बायकोने मागितलेली सुटी आईला समजावणं हे मुलाचं काम आहे, सुनेचं नाही.

आणि जाऊबाईंना आधी फोन करा, त्या पोचल्यावर नव्हे. त्यांनाही मागच्या वर्षी मनातून वाटलं असेल की आपण नुसतं खाऊन आलो. पाहुणी म्हणून बोलता आलं नसेल. पोह्यांचा कांदा कोण चिरणार, दुर्बीण कोण मागून आणणार, खानावळीला फोन कोण करणार, आजीची खुर्ची गाडीत कोण ठेवणार, हे आठ जणांच्या ग्रुपवर नावानिशी लिहून टाका. सहा वर्षांच्या पोरालाही एक काम हवं. वही आणि रंगीत पेन्सिली त्याच्या पाठपिशवीत, त्याच्याच जबाबदारीवर. हे सगळं निघायच्या आदल्या रात्री ठरवू नका, तेव्हा सगळे थकलेले असतात आणि "राहू दे, मीच करते" हे तुमच्याच तोंडून निघेल. निदान आठवडाभर आधी लिहा, आणि तुमच्या नावापुढे त्या दिवशी एकच काम ठेवा: मुलीबरोबर छोट्या वाटेवर चालणं.